लेओकादियाचा आवाज सांभाळणारी तबकडी

मी एक तबकडी बोलतेय. तशी मला बोलायची सवय नाही. माझ्या अंगावर कोरलेलं गाणं लेओकादिया बालागेरचं, माझं स्वतःचं त्यात काहीच नाही. पण हल्ली महिनोन्‌महिने माझ्याकडे कुणी फिरकत नाही. म्हटलं, आपणच चार गोष्टी सांगाव्यात.

मी काळी, जड आणि ठिसूळ आहे. माझ्यात दगडाची भुकटी आहे, काजळी आहे आणि लाख आहे. ही लाख तुमच्या हिंदुस्थानातल्या झाडांवरून बोटीने आली, म्हणजे लांबचं का होईना, आपलं नातं निघतं. माझ्या एकाच बाजूला गाणं आहे, दुसरी बाजू कोरी. त्या काळी तशाच तबकड्या निघायच्या.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बार्सिलोनातल्या एका हॉटेलच्या खोलीत माझा जन्म झाला. गाणी मुद्रित करणारे परदेशी लोक गावोगाव हिंडायचे आणि हॉटेलातच यंत्र मांडायचे. पुढे पितळी कर्णा, मागे फिरणारी मेणाची चकती. गाणाऱ्याने त्या कर्ण्यासमोर उभं राहून गायचं, की आवाज मेणात कोरला जाई. त्या मेणाचा ठसा घेऊन माझ्यासारख्या तबकड्या छापत.

लेओकादिया वालेन्सियाची. तिचे वडील बंदरावर संत्र्यांच्या पेट्या बोटीत चढवायचे. तिचा आवाज बाईचाच, पण खालचा आणि दाट. अशा आवाजाला ऑपेरात नायिका कोण करणार? "मला आई करतात, चेटकीण करतात, नाहीतर सवत," ती म्हणायची. "प्रेम करायला ती किनऱ्या आवाजाची, आणि शाप द्यायला मी."

त्या खोलीत परदेशी माणसाने तिचे दोन्ही खांदे धरले. सूर खाली गेला की तो तिला कर्ण्याकडे ढकलायचा, सूर चढला की मागे ओढायचा. यंत्राला भलताच मोठा आवाज सोसत नसे. दोनदा तिने सोसलं, तिसऱ्यांदा ती उसळली.

"अहो, मी काय संत्र्यांची पेटी आहे? ढकलताय काय सारखं!"

त्याला तिची भाषा येत नव्हती. तो हसून मान डोलावत राहिला. पियानो वाजवणाऱ्याला मात्र हसू आवरेना.

गाणं होतं मुलाला लढाईवर धाडणाऱ्या आईचं. पंचाईत अशी, की शेवटचं कडवं यायच्या आत मेण संपायचं. दुभाषा म्हणाला, "बाई, ते शेवटचं कडवं गाळा. कुणाला कळणार आहे?"

"मुलगा नजरेआड झाल्यावर, त्या कडव्यात आई रडते. तोवर ती त्याला हसून दाखवत असते. ते गाळायचं तर मलाच गाळा."

आणि ती हाताची घडी घालून खुर्चीत बसली. मग त्या परदेशी माणसाने एक स्क्रू पिळला आणि चकती सावकाश फिरायला लागली. मेण सावकाश फिरलं की त्यात गाणं जास्त मावतं. कडवं मावलं. पण तेव्हापासून मला ऐकायचं तर मलाही तितकंच सावकाश फिरवावं लागतं. घाईने फिरवलं की आवाज वर चढतो, पातळ होतो, बाईच बदलते. माझ्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर नाव छापलं, गाव छापलं, हा सावकाश वेग मात्र कुणी छापला नाही.

लेओकादियाने मला वालेन्सियाला आणलं. घरी किल्लीचा ग्रामोफोन होता. तिने कान देऊन त्याचा स्क्रू फिरवला आणि स्वतःचा आवाज पटला तेव्हाच सोडला. तिची धाकटी बहीण ओब्दुलिया शिवणकाम करायची. काजं करता करता ती मला पुन्हा पुन्हा लावायची.

"ओब्दु, जिवंत बहीण समोर असताना तुला ही काळी थाळी कशाला लागते गं?"

"ही उलट बोलत नाही."

ते माझे सुखाचे दिवस.

मग लेओकादिया एका ऑपेरा मंडळीबरोबर ब्वेनोस आयरेसला गेली आणि तिथे तापाने वारली. तार आली. घरातल्या बायकांनी हंड्यात काळा रंग उकळून आपले सगळे कपडे त्यात बुडवले. तो वास कितीतरी दिवस भिंतींना होता. खिडक्या अर्ध्या लोटल्या. शोकाच्या घरात गाणं वाजत नाही, बायका मोठ्याने हसत नाहीत, हा आमच्याकडचा रिवाज. ग्रामोफोनवर काळं फडकं पडलं. मला चादरींच्या पेटीत, लव्हेंडरच्या जुड्यांखाली ठेवलं. जगात लेओकादियाचं म्हणून जे उरलं होतं ते माझ्या अंगावर होतं, आणि तिच्यासाठीच ते बंद केलं होतं. मला याचा फार राग यायचा. पण पेटीत रागावून काय उपयोग?

कधीकधी ओब्दुलिया पेटी उघडायची. मला काढून बाहीने पुसायची, आईची चाहूल लागली की घाईने परत ठेवायची. मला वाटायचं, आज लावेल. तिने लावलं नाही. लोक काय म्हणतील याहीपेक्षा, गेलेल्या बहिणीला काय वाटेल याची तिला भीती होती.

शोक संपत आला, तर वडील गेले. तो उतरला, तर आई. पुढे आपसातलं युद्ध पेटलं आणि एकुलता भाऊ त्यात गेला. त्याची बायको आणि लहानगी निएवेस ओब्दुलियाकडे राहायला आल्या. उपासमारीच्या दिवसांत ग्रामोफोन पीठ-तेलावर गेला. माझ्या बदल्यात कुणी काही देईना, म्हणून मी वाचले. ओब्दुलियाच्या अंगावरचा काळा रंग मात्र उतरलाच नाही. चुलीपाशी ती निएवेसला सांगायची, "तुझी थोरली आत्या गायला लागली की काचेचं कपाट थरथरायचं. विहिरीतून आल्यासारखा आवाज. मला अजून ऐकू येतो."

निएवेस मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. ओब्दुलियाच्या नावाच्या संतिणीचा दिवस होता, आमच्याकडे तो वाढदिवसासारखाच. होणाऱ्या नवऱ्याकडून निएवेसने विजेवर चालणारं यंत्र आणलं आणि पेटीतून मला काढलं.

"आत्या, आता पुरे झाला शोक. बस इथे. आज तुझ्या बहिणीला बोलावलंय."

ओब्दुलियाने केस नीट केले. हात मांडीवर घेऊन ती खुर्चीच्या कडेला बसली. एवढ्या वर्षांनी सुई टेकली, आणि माझ्या लक्षात आलं की मी घाईने फिरतेय. त्या यंत्राला एकच वेग ठाऊक होता. स्क्रू नव्हताच. कडवी धावत सुटली. पातळ, चढा आवाज खोलीभर झाला. मला ओरडायचं होतं, पण माझ्याजवळ तोच आवाज होता.

"ही कोण आहे?" ओब्दुलिया म्हणाली.

"अगं, लेओकादिया आत्या."

"छे. ही कुणीतरी पोरगी आहे. तबकडी बदलली असेल."

"नाव वाच ना. बालागेर. वालेन्सिया. आत्या, किती वर्षं झाली! तू विसरलीस तिचा आवाज, एवढंच. होतं असं."

ओब्दुलियाने नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाली, "मी विसरले?"

निएवेसने तिच्यासमोर बदामाचा केक ठेवला. तिने तो खाल्लाही. पण त्यानंतर विहिरीची गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. शेजारणींनी विषय काढला तर म्हणायची, "मला काही विचारू नका बायांनो, मला सख्ख्या बहिणीचा आवाजसुद्धा आठवत नाही." मरेपर्यंत ती हेच धरून बसली. खरं तर तिची आठवण बरोबर होती. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी पुन्हा चादरींखाली होते.

ती गेली. पुष्कळ वर्षांनी घर रिकामं करताना निएवेसने मला बार्सिलोनातल्या एका ध्वनिसंग्रहाला दिलं. तिथल्या विद्वानांनी एकदा ऐकून मला 'उंच आवाजाच्या गायिका' असं लिहिलेल्या खणात टाकलं. माझी एकदोन भावंडं तिथे आधीच पडली होती. आम्ही एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतो, बोलणं होत नाही.

शेवटी मिरेया नावाची एक बाई आली. जुन्या तबकड्यांची गाणी संगणकात घेणं हे तिचं काम. मला लावून तिने कपाळाला आठ्या घातल्या. पियानो छापील स्वरलिपीपेक्षा वर वाजत होता. "पियानो कसा खोटं बोलेल?" ती स्वतःशीच पुटपुटली आणि वेग कमी करत गेली. पियानो जागेवर बसला. त्याच्यासोबत लेओकादिया खाली उतरली, पुरी उतरली, आणि शेवटच्या कडव्यात रडली. मिरेयाने कानांवरचे फोन काढले आणि मला कुणी दिलं ते नोंदवहीत शोधलं. मग तिने निएवेसला फोन लावला.

निएवेस आता ऐंशीच्या पुढची. काठी टेकत आली, पर्स मांडीवर घेऊन बसली. पहिलं कडवं सुरू झालं आणि समोरच्या कपाटाची सैल काच बारीक वाजायला लागली. निएवेस त्या काचेकडेच बघत राहिली. गाणं संपल्यावर म्हणाली, "आत्या विसरली नव्हती. मीच तिला म्हटलं, तू विसरलीस."

"यंत्रच तसं होतं हो. तुम्हाला काय माहीत असणार?"

"माहीत नव्हतं, तर गप्प बसायचं होतं ना मी! केक काय पुढे करत होते!"

मिरेयाने तिला ते गाणं मोबाइलमध्ये घालून दिलं. पुढचं मला मिरेयाच्या बोलण्यातून कळलं. नोव्हेंबरात आमच्याकडे सगळे आपापल्या मृतांची जागा धुवायला जातात. निएवेस शेवंती घेऊन वालेन्सियाच्या कबरस्तानात गेली, भिंतीतल्या ज्या कोनाड्यात ओब्दुलियाला पुरलंय त्याचा दगड तिने पुसला आणि मोबाइल त्या दगडाला लावून धरला. शेजारी शिडीवर चढलेली बाई म्हणाली, "अहो, इथे गाणं लावता? काही लाज?"

"माझं नाही हो," निएवेस म्हणाली. "हिच्या बहिणीचं आहे. हिला ऐकायचं राहिलंय."

शिडीवरची बाई खाली उतरली आणि गाणं संपेपर्यंत फडकं हातात धरून उभी राहिली.

माझा आवाज तिथवर गेला. मी इथेच होते, थंड खणात, कागदाच्या पाकिटात. आता मला सुई लावत नाहीत, झिजेन म्हणून. गाणं संगणकातून जगभर जातं, त्याला माझी गरज उरलेली नाही. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? निएवेसही आताशा येत नाही.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी गेलं आणि त्याचा आवाज मागे राहिला असेल, तर तो बांधून ठेवू नका. रडू आलं तर रडत ऐका, पण लगेच ऐका. ताज्या आठवणीला चूक ओळखता येते, 'हा वेग बरोबर नाही' असं ठणकावून सांगता येतं. पुढे माणूस आवाजावर विश्वास ठेवतो आणि स्वतःला खोटं ठरवतो.