पिंगची परवानगी

भर दुपारी तनुजाचा फोन आला. माझी ही सून मार्केट यार्डाजवळच्या एका शीतगृहातले कॉम्प्युटर सांभाळते. मुलगा रणजित तिथलीच यंत्रं बघतो.

"आई, सगळ्या खोल्यांतले गॅसचे सेन्सर गेले. एकही उत्तर देत नाही. रणजित मास्क लावून आत निघालाय."

शीतगृहात अमोनिया असतो. गळला, तर माणूस काही श्वासांत आडवा. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"सगळे एकदम कसे जातील? तू आज काय बदललंस?"

"काही नाही. म्हणजे, ऑडिटवाले म्हणाले, कुणीही चालवला तरी रूटच्या अधिकारानं चालतो असा एकही प्रोग्राम नको. मी सगळ्यांचा अधिकार काढला."

"सेन्सरना हाक मारणाऱ्या त्या पिंगचाही?"

"त्याला कशाला हवा? तो नुसतं 'आहेस का' विचारतो."

शहराबाहेरच्या धायरीत नुसती शेतं होती, तेव्हापासून मी असल्या कॉम्प्युटरांवर काम केलं. चपला बाहेर काढायच्या, स्वेटर चढवायचा आणि कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत शिरायचं. एकाच यंत्रावर कितीतरी जण काम करायचे. त्यामुळे स्वतः घडवलेला निरोप थेट नेटवर्कवर सोडायची मुभा फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या मालकाला. नाहीतर कुणीही दुसऱ्याच्या नावानं खोटे निरोप धाडले असते. पिंगचा प्रश्न त्याच जातीचा निरोप. पण तो विचारायची गरज तर प्रत्येकाला पडे. म्हणून त्या एवढ्याशा प्रोग्रामला मालकाचा अधिकार उसना दिलेला. नव्या यंत्रांत वेगळी सोय आहे. तनुजाचं यंत्र जुनं.

"अगं, सेन्सर गप्प नाहीत," मी म्हटलं, "त्यांना कुणी विचारलंच नाहीये! पिंग घराबाहेरच पडला नाही."

ती सुटकेनं हसली आणि ओरडली, "रणजित, माझीच चूक आहे! काढ तो मास्क."

"तरीच!" फोनमधून त्याचा आवाज आला. "तुझ्या ऑडिटवाल्यांना नारळ दे. आता आलोच आहे, तर मागच्या खोलीतला व्हॉल्व्ह बघून येतो."

"तनुजा, आधी पिंगची परवानगी परत दे."

कीबोर्ड खडखडला. "दिली. आली हो उत्तरं! पहिली खोली आली, दुसरी आली..." ती एकेक वाचत गेली आणि थांबली.

"आई, मागची खोली उत्तर देत नाही."

आता प्रश्न पोचत होता, आणि तरी तिथून उत्तर नव्हतं; तिथला सेन्सर खरंच बंद होता, गॅस गळत असला तरी कुणाला कळलं नसतं. सेन्सर गप्प नाहीत, हे मीच सांगितलं होतं. माझ्या शब्दावर त्यानं मास्क काढला होता.

"पळ! त्याला बाहेर काढ!"

तिची धावती पावलं ऐकू आली. मग लोखंडी दार आदळलं. "रणजित!" ती किंचाळली. मग काहीच नाही. मी ओट्याला धरून उभी राहिले.

बऱ्याच वेळानं कुणीतरी खोकलं.

"आई, दाराशीच कोसळला होता. ओढलं बाहेर. ॲम्ब्युलन्स बोलावलीय."

"दे त्याला फोन."

"बोलता येत नाहीये त्याला."

तिनं फोन त्याच्या तोंडाशी धरला. घरघरता एक श्वास आला. मग थांबला. मी फोन कानावर दाबून पुढच्याची वाट बघत राहिले.