नव्या गुडघ्याचा नवस

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एवानथिया मावशी मेरीमातेला नवस बोलली, की गुडघा बरा झाला तर पंधरा ऑगस्टला, तिच्या सणाला, बंदरापासून चर्चपर्यंत गुडघ्यांवर रांगत येईन. आमच्या टिनोस बेटावर हा नवस सगळेच बोलतात. फक्त गुडघ्यासाठी सहसा कोणी बोलत नाही.

ऑपरेशन छान झालं. अथेन्सचे डॉक्टर म्हणाले, झीज आतल्या बाजूलाच होती, तेवढाच भाग बदलला, बाकीचा गुडघा जुनाच आहे. त्याच संध्याकाळी मावशी काठी टेकत चालली. उन्हाळ्यात काठी स्ट्रातोस काकांकडे गेली. ते तिने मांजरं हाकलतात.

मग मावशीने डॉक्टरांना फोनवर नवसाचं सांगितलं.

"चाला, जिने चढा, पोहा," डॉक्टर म्हणाले. "तेवढा चढ रांगायचा नाही."

"अर्धाच गुडघा तुमचा आहे. बाकीचा माझा."

"वजन दोन्हींवर पडतं, बाई."

मावशीचं जेवण सुटलं. नवस चुकला की दुखणं परत येणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

"तुझ्या वतीने मी रांगतो," काका म्हणाले. तसंही चालतं आमच्याकडे.

"तू? गेल्या वर्षी मिरवणुकीतून निघून कॉफी प्यायला गेलास. मेरीमातेने पाहिलंय."

शेवटी तिला ऑपरेशननंतर शिकवलेला व्यायाम आठवला: बसायचं आणि टाच घासत पाय जवळ ओढायचा. पंधरा तारखेला ती बंदरावर, रांगणाऱ्यांसाठी अंथरलेल्या गालिच्यावर चर्चकडे पाठ करून बसली. टाच ओढायची, हात मागे टेकायचे, बूड वर सरकवायचं. अशी ती चढ चढू लागली.

मागून रांगत येणारे आता तिच्या समोर होते. लांबून वाटावं, सगळे मावशीच्याच दर्शनाला निघालेत. एका बाईने तर तिचा हात चुंबला.

"मी नाही गं," मावशी म्हणाली. "ती वर आहे. मी रस्त्यातली."

चर्चच्या दारात फादर उभे होते. "गुडघ्यांवर यायचं ठरलं होतं ना, एवानथिया?"

"गुडघ्यानेच आणलं, फादर. माझं बूड काय आपण होऊन चढलं?"

मागे रांग तुंबली होती. फादरांनी तिकडे पाहिलं.

"दुखतोय?"

मावशीने गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"नाही."

"मग तिला चाललं असेल. बाजूला हो."

काकांनी तिला काखेत हात घालून उठवलं. ती कण्हली.

"आता कुठे दुखतंय?"

"बाकी सगळीकडे. पण त्याचं मी काही बोलले नव्हते."