उघड्या डोळ्यांची झोप

सलूनवाल्याच्या पापण्या इतक्या खाली उतरल्या होत्या की त्याने वस्तरा हातात घेतला की गिऱ्हाईक देवाचं नाव घ्यायचं. तो टक्क जागा असायचा, पण चेहरा असा की दोन्ही शटरं अर्धी ओढून मालक जेवायला गेलाय. गिऱ्हाइकांनी एकेक करून दाढ्या राखल्या. दुकानातली दुसरी खुर्ची रद्दी ठेवायच्या कामी आली.

घरी वेगळीच पंचाईत. "अहो, मला तुम्हाला एक विचारायचंय," असं म्हणत बायको समोर बसायची, त्याच्या तोंडाकडे बघायची आणि "जाऊ दे, झोपा," म्हणून उठायची. तो जागा असायचा. पण खरं सांगायचं तर पुष्कळदा तोही गप्पच राहायचा. पापण्यांचा तेवढाच काय तो फायदा.

शेवटी ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "डोळे सुजतील, भोवती वांग्याचा रंग चढेल, पाणी गळेल, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा वाटेल. घाबरू नका, उतरेल हळूहळू. डोकं उंचावर ठेवून झोपा, थंड पट्ट्या ठेवा. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत. फार दुखलं किंवा दिसायला कमी झालं तर तडक इकडे. आणि हो, थोडे दिवस झोपेत पापण्या पुरत्या मिटणार नाहीत. मलम लावून झोपा."

त्याने बायकोला हे सगळं सांगितलं. शेवटचं तेवढं सांगायचं राहून गेलं.

एका दुपारी उशांच्या डोंगराला टेकून त्याने मस्त ताणून दिली. जाग आली तेव्हा बायको त्याचा हात हातात घेऊन बसली होती.

"इतकं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं हो," ती म्हणाली. "चक्क रडलात!"

डोळे सकाळपासून गळतच होते. पण ती इतकी खुलली होती की त्याची जीभ रेटेना. आपण कशाला रडलो हे कळेपर्यंत रडलेलंच बरं, असं त्याने ठरवलं.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. गेला महिनाभर हा गडी घरातसुद्धा टोपी घालून वावरत होता.

"दादा, मानलं तुला! लगेच हो म्हणालास?"

"कशाला?"

"आता काय लपवायचं!" भावाने टोपी काढली. डावीकडे कुरण, उजवीकडे माळरान. "वहिनीचा पहिला हात. मागून बघ, मागे बरा जमलाय."

सलूनवाल्याने सुजलेल्या डोळ्यांनी पाहिलं. मागेही जमला नव्हता.

"दुसरी खुर्ची मला द्या म्हटलं ना मघाशी," बायको त्याच्याजवळ येऊन बसत म्हणाली. "बायकांचे केस मी कापीन."

आता सुटका नव्हती. "अगं, मघाशी मी झोपलो होतो."

"डोळे तर उघडे होते! वर रडलात, म्हणून मी हो समजले."

"ते हल्ली मिटत नाहीत. सांगायचं राहिलं."

तिचा चेहरा पडला. "जाऊ दे," ती उठली. "झोपा."

सलूनवाल्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे शब्द टाक्यांपेक्षा जास्त टोचले. त्याने तिचा हात धरला.

"बस. पट्टी ठेव डोळ्यांवर आणि पहिल्यापासून सांग. माझ्या तोंडाकडे बघूच नकोस. मी हं हं करत राहतो. थांबलो तर चिमटा काढ."

तिने गार पट्टी ठेवली. मग बोलू लागली. दुकान झाडता झाडता त्याचा हात कसा बघत राहिली, किती वेळा विचारायला आली, कशी परत फिरली. तो हं म्हणत होता. पट्टीखालून पाणी आलं. ते ऑपरेशनचं की आणखी कशाचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"मानेपाशी कात्री आडवी धरतेस का गं?" त्याने मध्येच विचारलं.

"हो."

"म्हणून पायऱ्या पडल्यात. टाके निघू देत, शिकवतो. आणि त्या खुर्चीवरची रद्दी उद्याच काढून टाक. मला ओझं उचलायची मनाई आहे."

ती हसली, आणि हसता हसता तिची नजर दिराच्या उजव्या माळरानाकडे गेली.

भावाने टोपी घातली आणि चपला शोधायला लागला.