एका बोर्डावर एकच

सकाळी मी दिवाणखाना झाडून घेतला. केर भरून परत येते तोवर माझ्या मुलाने टीव्हीखालचं कपाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं होतं. कपाटामागे वायरींचं असं जंजाळ, जणू घरातल्या सगळ्या बायका वर्षानुवर्षं तिथे उभ्या राहून केस विंचरत होत्या आणि गुंतवळ तिथेच टाकत होत्या. मुलगा त्यात उपडा. नुसते पाय दिसत होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"आई, मागून बोलू नकोस. हातात पिन आहे."

"समोरून बोलते मग. तोंड कुठल्या बाजूला आहे तुझं?"

त्याने तोंड बाहेर काढलं, त्यावर जळमटं लागलेली. शेजारी एक नवी काळी पेटी होती. बटण एकच, पण वजन असं की दोघांनी उचलून आणावी लागली होती. ह्याला अँप्लिफायर म्हणतात म्हणाला.

"आधीची पेटी आहे ना एक? तिचं काय झालं?"

"तो रिसीव्हर. तो एकटाच दोन्ही कामं करतो. सिनेमातला कुठला आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा ते ठरवतो, आणि स्पीकरला ताकदही तोच देतो. ती ताकद पुरत नाही. मोठा केला की आवाज फाटतो. आता त्याने नुसतं ठरवायचं. समोरच्या तीन स्पीकरांना ताकद ही पेटी देणार."

"म्हणजे एकाने सांगायचं आणि एकाने ओझं उचलायचं. आमचा संसार असाच झाला."

"आणि सांगायचं काम कोणाकडे होतं?" असं विचारून तो पुन्हा वायरींत शिरला. उत्तर ऐकायला थांबला नाही, शहाणा आहे.

हा सगळा खटाटोप होता तो ह्यांच्या कानांसाठी. ह्यांना ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं, ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून ह्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. दोन वर्षं झाली, सगळ्यांबरोबर सिनेमाला बसतात, सगळे हसले की मागाहून हसतात, आणि मग हळूच माझ्याकडे वाकून विचारतात, "काय झालं?" मी सांगते. सांगेपर्यंत पुढचं निघून गेलेलं असतं.

आणि त्या दिवशी संध्याकाळी नात येणार होती. ती आवाज देण्याचं काम करते, पडद्यावर प्राणी तोंड हलवतो आणि ही बोलते. पहिल्यांदाच एका पूर्ण सिनेमात तिला बोलायला मिळालं होतं, आणि तो ती घेऊन येणार होती. फोनवर तिने आजोबांना बजावलं होतं, "मी कुठला प्राणी ते तुम्हीच ओळखायचं." हे म्हणाले, "हो हो, गुडघा आता बरा आहे."

आदल्या दिवशी भाजी निवडताना हे माझ्याजवळ येऊन बसले होते. म्हणाले, "हिचा आवाज जर मला कळला नाही, तर त्या खोलीत मी पुन्हा बसणार नाही. मान डोलवायला तुम्हाला बाहुली आणून ठेवा." ह्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी फार दिवसांनी ऐकलं. शेंगा मोडायच्या सोडून मी बोटंच मोडत बसले.

तर मुलाने घाई केली ती त्यासाठी. माझा त्याला विरोध नव्हता. माझा विरोध पसाऱ्याला होता.

थोड्या वेळाने जावईबापू आले. आमचे जावई बँकेत असतात, पण बँक सोडून बाकी सगळ्यातलं त्यांना कळतं. आल्या आल्या चपला काढायच्या आधी म्हणाले, "मुळात चूक काय होतेय सांगू का?"

"अजून काहीच केलं नाही," मुलगा आतून म्हणाला.

"तीच चूक."

मग दोघे मिळून लागले. जावयांचं म्हणणं, रिसीव्हरच्या पाठीला जिथे स्पीकरच्या वायरी आवळतात तिथूनच नव्या पेटीला वायर ओढू. मुलगा म्हणाला, तसं केलं तर नव्या पेटीचा आजच धूर निघेल. रिसीव्हरच्या पाठीला प्री-आउट नावाची वेगळी भोकं असतात, तिथून नुसता कच्चा आवाज निघतो, तो पेटीत घालायचा आणि स्पीकर पेटीला जोडायचे. जावई म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." मी स्वतः ऐकलं होतं, ते तेच म्हणत नव्हते. पण जावई आहेत. मी चहा दिला.

पिना बसल्या. स्पीकरच्या वायरी इकडच्या तिकडे झाल्या. राहता राहिला पेटीचा प्लग. तो हातात धरून मुलगा उभा राहिला आणि माझ्याकडे बघू लागला.

इथे आमच्या घरातला नियम सांगायला हवा. एका बोर्डावर एकच मोठं यंत्र चालवायचं. मागे एकदा इस्त्री आणि हीटर एकाच बोर्डावर लावून स्वयंपाकघराची भिंत काळी झाली होती, तेव्हापासूनचा हा नियम, आणि तो माझा आहे. टीव्हीमागच्या बोर्डावर टीव्ही आणि रिसीव्हर असे दोन आहेत, पण ती सवलत मी मुलाच्या लग्नात दिलेली. तिसरी जागा रिकामी होती. तिच्यावर मी चिकटपट्टी लावून ठेवली होती, कोणाला मोह नको.

मी जेवणाच्या खोलीकडे बोट दाखवलं. मुलाने जावयांकडे बघितलं. जावयांनी छताकडे बघितलं. सून दारात उभी होती, ती म्हणाली, "आई, एक विचारू का," आणि मग म्हणाली, "अजून चहा टाकू?"

"आत्ताच झाला," मी म्हणाले.

लांब वायर आणून, गालिच्याखालून ओढून, जेवणाच्या खोलीतल्या भिंतीला प्लग लागला. मुलाने बटण दाबलं.

घूंऽऽ.

तिन्ही स्पीकरमधून. डबक्यात मोटार बुडवून चालू ठेवावी तसं. टीव्हीवर बातम्या देणारी बाई त्या घूंमधून बोलत होती, आणि तिच्या बातम्या आपल्याच घरातल्या वाटत होत्या.

हे आपल्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, "पाण्याची मोटार चालू राहिली का?"

बघा आता. बोललेलं अक्षर कळत नाही, आणि नेमकं हे बरोबर ऐकू आलं.

पुढे जे झालं त्याला दुरुस्ती म्हणतात असं मला सांगण्यात आलं. आवाज कमी केला, घूं तेवढंच. पिना उपसल्या, घूं बंद. पिना घातल्या, घूं हजर. म्हणजे पिनांच्या वायरी खराब, असं जावयांनी ठरवलं आणि मुलाला दुकानात पाठवलं. तो जाड वायरी घेऊन आला. जाड वायरींतून जाड घूं आलं. मग दोन पेट्या एकमेकींपासून लांब नेल्या. मग घरातले दिवे घालवले. मग कोणीतरी माझा फ्रिज बंद केला. कोणी ते कबूल केलं नाही, पण दुपारी दूध काढायला गेले तर आत अंधार.

"फ्रिज बोलतो का सिनेमात?" मी विचारलं.

"नाही, पण फ्रिजमुळे कधीकधी..." जावई म्हणाले.

"दूध नासलं तर तुमच्यामुळे. कधीकधी नाही, दर वेळी."

सून पुन्हा आली. "आई, मला वाटतं..." मी तिच्याकडे बघितलं. "...फ्रिज मी चालू करते," ती म्हणाली.

मला कळेना, ह्या घरात सगळ्यांची वाक्यं अर्ध्यावर का मोडायला लागली आहेत. मुलगा पेटीबरोबर आलेलं पुस्तक उघडायचा, एका पानावर थांबायचा, माझ्याकडे बघायचा आणि मिटायचा. मी अक्षरं जोडून जोडून वाचते, मला त्या पुस्तकातलं काय कळणार. पण माणसाचं तोंड मला वाचता येतं, आणि ह्या तिघांच्या तोंडावर काहीतरी लपवलेलं होतं.

ऊन उतरायला लागलं. नात निघाली असा तिचा फोन येऊन गेला. घूं होतंच. तेव्हा जावईबापूंनी पक्कड हातात घेतली आणि जेवणाच्या खोलीकडे निघाले.

"कुठे?"

"काही नाही आई, साधा उपाय आहे. प्लगचा तिसरा पाय कापायचा. घूं जातं."

"तो पाय कशाला असतो?"

"अर्थिंगला."

"म्हणजे कशाला?"

"म्हणजे... शॉक लागू नये म्हणून."

"आणि कापल्यावर?"

जावयांनी पक्कड पाठीमागे नेली.

"लेकीला मी काय सांगू," मी म्हणाले, "तुझा नवरा खारीचा आवाज ऐकताना गेला?" खार की कोण ते मला तेव्हा माहीत नव्हतं, तोंडातून सहज गेलं. "ती पक्कड इकडे द्या."

त्यांनी दिली. आणि आता सून पुढे आली. हात पदराला, म्हणजे तिच्या ओढणीला, पुसत एका दमात बोलून गेली.

"आई, कापायची काही गरज नाही. दोन पेट्या दोन वेगळ्या बोर्डांवर आहेत आणि मधे वायरीने जोडल्या आहेत, त्याचं घूं आहे ते. आमच्या ऑफिसच्या सभागृहात माईकचं असंच व्हायचं. दोन्ही एका बोर्डावर आणल्या की जातं."

मी पक्कड दुसऱ्या हातात घेतली.

"हे तुला कधीपासून माहीत?" मी विचारलं.

"सकाळपासून."

मी मुलाकडे वळले. तो पुस्तकाच्या पाठीमागे होता. "आणि तुला?"

"पुस्तकात लिहिलंय," तो म्हणाला. "सुरुवातीलाच."

"जावईबापू?"

"साधारण कल्पना होती."

"मग दिवसभर माझं घर उलटंपालटं कशासाठी केलंत? तिघांना जीभ दिली आहे ना देवाने?"

"तू ओरडली असतीस," मुलगा म्हणाला.

"मी ओरडते?"

मुलाने पुस्तक पुन्हा वर धरलं. ह्यांनी सुनेला खूण करून विचारलं, काय म्हणतेय. सुनेने ह्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "हो."

माझ्या अंगाची लाही झाली. घरातला फ्रिज बंद करायला ह्या तिघांना भीती वाटत नाही, विजेचा पाय तोडायला भीती वाटत नाही, आणि मला चार शब्द विचारायला भीती. मी काय वाघ आहे? त्या भिंतीचा काळा डाग खरवडायला ह्यांच्यातलं कोणी आलं होतं का? नियम माझा, म्हणून तो मोडायला मला सांगायला नको, आणि तो पाळून मला खुळ्यात काढायचं. हे सगळं मी बोलले. पक्कड हातात होतीच.

माझं बोलणं चालू असतानाच हे खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. "राहू दे रे," मुलाला म्हणाले. "ह्या घूंमध्ये मला काही कळायचं नाही. पोरगी आली की सांगा, आजोबा पडलेत जरा." आणि आतल्या खोलीकडे चालू लागले. चप्पल घासत.

"बसा," मी म्हणाले.

ते थांबले नाहीत. ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल. मी पुढे जाऊन त्यांच्या दंडाला धरलं आणि खुर्चीत बसवलं.

मग सुनेला विचारलं, "दोन्ही पेट्या मिळून वीज किती खातात?"

"तुमच्या इस्त्रीपेक्षा कमी."

"टीव्ही धरून?"

"टीव्ही धरून."

"भिंत काळी झाली तर घासायला तू."

"मी," ती म्हणाली. "आणि हे दोघे."

दोघांनी माना हलवल्या. मी कपाटामागे गेले. चिकटपट्टी मी लावलेली, तेव्हा ती सहज निघणार नव्हतीच. नखाने खरवडून काढली. मुलाने आणि जावयांनी पेटी उचलून जवळ आणली, मुलाने प्लग माझ्या हातात दिला, तो मी लावला. तिन्ही पायांसकट.

बटण दाबलं. काही नाही. जावई स्पीकरला कान लावून बसले. मुलगा दुसऱ्याला कान लावून बसला. काहीच ऐकू येत नाही म्हणून माणसं इतकी खूश झालेली मी पहिल्यांदा बघितली.

नात आली तेव्हा कपाट भिंतीला लागलं होतं आणि मी त्याच्या बाजूला, कोपऱ्यात, स्टुलावर बसले होते. हात कपाटामागच्या फटीत, तळहात बोर्डावर.

"आजी, तिथे काय करतेस?"

"पहारा. भिंत तापली की मी सांगणार आणि सगळं बंद होणार. तुझा सिनेमा लाव."

कोणी मला हसलं नाही. शिकलेत.

सिनेमा लागला. मला कोपऱ्यातून पडदा दिसत नव्हता, कपाटाची कड आणि त्यावर हलणारा उजेड तेवढा दिसत होता. पण ह्यांची खुर्ची पुढे, माझ्याजवळ ओढली होती, त्यामुळे ह्यांचं तोंड दिसत होतं. आधी एक घुबड बोललं असावं, मग एक अस्वल. हे मान वाकडी करून बसले होते, डोळे बारीक करून. मुलाने हातातला रिमोट दाबत दाबत आवाज चढवला, आणि तो फाटला नाही. मग एक बारीक, भांडखोर आवाज आला. आपले दाणे कुठे पुरले ते आपल्यालाच आठवत नाही आणि त्याबद्दल साऱ्या जंगलाला बोल लावतेय अशी कोणीतरी.

हे ताठ झाले.

"खार," म्हणाले. मोठ्याने, सिनेमाच्या वरताण. "ती खार आपली आहे."

नातीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्या खारीने पुढे काहीतरी केलं, आणि सगळे हसले. हेही हसले. मागाहून नाही, त्यांच्याबरोबर. मी एकटी राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

हे माझ्याकडे वाकले. "अगं, तिने शोधून शोधून जे दाणे काढले ना, ते शेजारणीचे निघाले. आणि वर तिलाच विचारतेय, तू माझ्या घरात ठेवलेस कशाला म्हणून."

त्यांचं सांगून होईपर्यंत पुढची दोन वाक्यं बुडाली. बोर्ड गार होता. हात मी काढला नाही.

"आणि आता?" मी विचारलं.