लाल काड्या

धाकट्याने डबी टेबलावर ठेवली आणि वर तोंड करून म्हणाला, "घे ताई, तुझा खजिना."

ताईने झाकण उघडून आत पाहिलं मात्र, तिचं डोकंच फिरलं. नुसती लाळ! दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिची उभी हयात दुसऱ्यांचे बेडके तपासण्यात गेलेली, आणि सख्खा भाऊ तिलाच शेंडी लावायला निघालेला.

"अरे शहाण्या, हे तोंडातलं पाणी आहे. यात काय दिसणार, माझं कपाळ? छातीतून खोकून काढ."

"वसतिगृहात भाज्या चिरायला माझी छाती कशाला लागते गं?"

"तिथे एवढी पोरं जेवणार आहेत. क्षय नाही असा दाखला आणल्याशिवाय ते तुला दारात उभं करणार नाहीत. आणि तू किती दिवस खोकतोयस, ते मला दिसत नाही होय?"

धाकट्याने दुसऱ्या डबीसाठी हात पुढे केला. बऱ्याच काळानंतर काम चालून आलं होतं. ते हातचं गेलं, तर त्याला पुन्हा घरात तोंड लपवून बसावं लागलं असतं. ताईलाही हे कळत होतं. पण खोटा दाखला द्यायचा? छे! जीव गेला तरी नाही.

संध्याकाळी घरी दोघं भांडत जेवली. आत आई भांडी घासत खोकत होती. "आई, पाणी पी गं," ताई सवयीने म्हणाली आणि पुन्हा भांडणाकडे वळली.

सकाळी धाकट्याने दुसरी डबी आणून दिली. या खेपेला चांगला घट्ट, पिवळा बेडका होता. "हे कसं शहाण्यासारखं केलंस!" म्हणत ताईने तो काचेवर पसरला, वाळवला, ज्योतीवरून फिरवला. वर लाल रंग ओतला आणि खालून वाफ येईपर्यंत ऊब दिली. मग आम्लाने काच धुतली, निळा रंग चढवला. शेवटी तेलाचा थेंब टाकून ती मायक्रोस्कोपवर वाकली.

निळ्यात लाल काड्या. एक नाही, दोन नाही, जिकडे बघावं तिकडे.

काच जुनी असेल, आधीच्या कुणाचे क्षयाचे जंतू राहिले असतील, म्हणून तिने कोरी घेतली आणि सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा त्याच काड्या! तिने धाकट्याला बोलावून घेतलं.

त्याने भिंगातून पाहिलं आणि चक्क हसला. "शक्यच नाही. तुझा रंग खराब असेल."

"रंगाला नावं ठेवू नकोस! आम्लाने बाकी सगळं धुऊन जातं, हे जंतू तेवढे लाल रंग सोडत नाहीत. बाबा रे, औषधं घेतलीस तर बरा होशील. नोकरीचं बघू पुढे."

"अगं पण शक्यच नाही ना!" आता तो हसत नव्हता. तो स्टुलावर बसला. "ताई, ती डबी माझी नव्हती."

"मग कोणाची?"

त्याने मान वर केली नाही. "मला भीती वाटली गं. आईला म्हटलं, तू खोकून दे. तिचा खोकला काय, वयाचाच. तूच म्हणायचीस ना तसं?"

हो, तीच म्हणायची. त्याच्या कानाखाली वाजवायला उचललेला हात तिने खाली घेतला. रोज परक्यांना दटावून तपासणीला बसवणारी बाई, घरातल्या खोकल्याला पाणी पाजत राहिली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

कपाटातून तिने कोरी डबी काढली आणि त्याच्या हातात कोंबली. "आता तू खोक. माझ्यासमोर, त्या उघड्या खिडकीशी."

तो निमूटपणे उठला.

घरी आई भाजी निवडत बसली होती. ताईला पाहताच पदराने तोंड पुसत तिने विचारलं, "झालं का गं त्याचं काम? मी अगदी पोटापासून खोकले हो, पोराचं अडायला नको म्हणून."

ताई दारातच मटकन बसली आणि हुंदके देऊन रडू लागली.

"अगंबाई, रडतेस काय अशी?" आई घाबरली. "नापास केलंस की काय त्याला?"

आणि तिला पुन्हा खोकल्याची उबळ आली.