ताईची कवळी

त्या कारखान्यात त्याचं खरं नाव कुणाला आठवत असेल, अशी शंकाच आहे. सगळे त्याला 'चालेल' म्हणायचे. कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या. एकीत प्लास्टरची पोती आणि भट्टी, दुसरीत खिडकीला लागून चार टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर दिवा, स्पिरिटची बत्ती, मेणाच्या पट्ट्या आणि लोकांचे जबडे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, इथे त्याचा प्लास्टरचा साचा व्हायचा, साच्यावर मेणात एकेक दात बसवला जायचा, आणि मग मेणाच्या जागी ती गुलाबी कवळी तयार व्हायची. दात बसवायचं काम चालेलचं. हात फार चांगला. पण हात शहाणा असून काय उपयोग, जीभ वेडी.

मालक म्हणायचे, आज एवढं अर्जंट बघ, की हा म्हणणार, चालेल. पॉलिशवाला बॅग खांद्याला लावून म्हणायचा, बायको वाट बघतेय रे, माझ्या दोन कवळ्या तेवढ्या घासून टाक, की चालेल. मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात, आणि हा तर लोण्याहून मऊ. बरं, खणणारे काही राक्षस नव्हते. मालक त्याला घरचा माणूस म्हणायचे, पाठीवर हात ठेवायचे, आणि हा बावळट त्या एका हातावर आठवडाभर राबायचा. घरी वाट बघणारं माणूस त्यालाही होतं. ते कुणी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही.

ते माणूस म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईनं कापडाच्या दुकानात काउंटर धरला आणि याला वाढवलं. लग्नाचं राहूनच गेलं. बोलण्यात तिचा हात कुणी धरावा? एक चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पडदे, उशांचे अभ्रे आणि वर दोन टॉवेल घेऊन हसत बाहेर पडायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या दोघांना पडत्या काळात हात दिला होता, म्हणून तिचं एकच शिकवणं असायचं, माणसाला नाही म्हणू नये. तिनं ते चांगल्या मनानं शिकवलं आणि यानं ते डोळे मिटून गिळलं. भीड भिकेची बहीण, हे मात्र शिकवायचं राहिलं.

पन्नाशीनंतर ताईचे दात हलायला लागले आणि शेवटी सगळे काढावे लागले. हिरड्या भरून आल्यावर डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं आणि साचा याच कारखान्यात आला. त्या दिवशी तो उड्या मारत घरी गेला. म्हणाला, ताई, तुझी कवळी मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, मीच करणार. तिथंच घात झाला. दुसऱ्या कुणाला दिली असती तर पंधरवड्यात तिच्या तोंडात असती.

सुरुवात त्यानं मोठ्या प्रेमानं केली. ताईचा जुना फोटो टेबलावर टेकवून ठेवला आणि समोरचे सहा दात अगदी तसेच बसवले, डावीकडचा एक किंचित वाकडा होता तो तसाच वाकडा. मग एक अर्जंट आलं. त्याच्यावर दुसरं आलं. ताईचा साचा टेबलावरून फळीवर गेला. बाहेरच्या माणसाला कसं थांबवायचं, ताई काय, आपलीच आहे, समजून घेईल. आपलं माणूस समजून घेतं, या एका वाक्यानं किती घरांची वाट लावलीय कोण जाणे. सहा दात असलेलं ते मेण फळीवर धूळ खात राहिलं, आणि हा त्या फळीखाली बसून जगाच्या कवळ्या करत राहिला. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या याच.

पहिले काही महिने ताई विचारायची, झाली का रे? मग विचारेनाशी झाली. दुधात भिजवलेला पाव, कुस्करलेला बटाटा, केळं, यावर तिचं भागायचं. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायला लागलं. दात नसले की शब्द घसरतात, दुकानात एकदोन गिऱ्हाइकांना हसू आलं, आणि जिच्या जिभेवर ते दुकान चाललं होतं ती तोंडावर हात ठेवून बोलायला लागली. एक दिवस तिनं नोकरी सोडली. चालेलला वाटलं, बरं झालं, आराम करेल. धन्य त्याची.

मग एका दुपारी कारखान्यातली वीज गेली आणि तो लवकर घरी निघाला. जिन्यात त्याला दुकानातली बाई भेटली, ताईची जुनी मैत्रीण. केव्हाची दार वाजवतेय, घरात नाही वाटतं, असं म्हणून ती खाली उतरून गेली. यानं किल्लीनं दार उघडलं, तर दाराच्या आड, भिंतीला पाठ लावून ताई उभी. श्वास रोखून, दोन्ही हात तोंडावर. त्याला बघून तिनं हात खाली घेतले आणि उगीच म्हणाली, डोळा लागला होता. इतका वेळ वाजणारं दार ऐकत ती चोरासारखी स्वतःच्याच घरात लपली होती. ताई घरात आराम करत नव्हती, ती संपत चालली होती, आणि ते त्याला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं साचा फळीवरून उतरवला. धूळ झटकली आणि मधल्या वेळात, डबा बाजूला ठेवून, उरलेले दात बसवले. सुटायच्या वेळेला मालक हातात नव्या मापाची डबी घेऊन आले. मोठ्या माणसाचं काम आहे, उद्या सकाळी हवंय, तुझ्याशिवाय कुणाला सांगू? पॉलिशवालाही दोन कवळ्या घेऊन मागे उभाच होता. चालेलनं ताईचा साचा आपल्याजवळ ओढला.

"आज नाही जमणार," तो म्हणाला. "ताईची कवळी करायचीय."

मालक आधी हसले, त्यांना वाटलं गंमत करतोय. मग त्यांचा चेहरा उतरला, तूसुद्धा बदललास का, असं काहीसं म्हणाले आणि डबी पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवली. पलीकडच्यानं कुरकुरत का होईना, काम केलं. पॉलिशवाल्यानं बायकोला फोन केला आणि आपल्या कवळ्या आपण घासल्या. बस्, इतकंच झालं. इतकी वर्षं ज्या आभाळाला तो डोक्यावर धरून उभा होता, ते कोसळलंच नाही. सुटल्यासारखं वाटायचं सोडून त्याला रडू आलं. म्हणजे हे कधीही म्हणता आलं असतं.

आता खरी चूक ऐका. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, हिरडी बसत जाते. जुन्या मापावर कवळी करू नये, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. कुठल्या डॉक्टरनं असा दोन-तीन वर्षांचा जुना साचा पाठवला असता तर यानंच परत धाडला असता. पण नवीन माप म्हणजे डॉक्टरीणबाईंना पुन्हा त्रास द्यायचा, मालकांकडे सुट्टी मागायची. एका दिवसात दोनदा भीड तोडण्याइतकं बळ त्याच्या अंगात नव्हतं. होईल थोडं सैल, बसेल, असं म्हणून त्यानं जुन्याच साच्यावर कवळी पक्की केली, काचेसारखी घासली आणि घरी नेली.

ताईनं ती आरशासमोर घातली. फोटोतली ताई समोर आली, वाकड्या दातासकट. छान बसलीय, ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी ती केस विंचरून मैत्रिणीकडे गेली आणि संध्याकाळी भरभरून बोलत परत आली. चालेलनं कारखान्यातून वेळेवर निघायला सुरुवात केली होती. मालकांचं 'घरचा माणूस' बंद झालं, ते त्याला लागलंही, पण घरी हसणारी ताई होती. त्याला वाटलं, जिंकलो.

असे काही दिवस गेले. एकदा तो आला तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ताई टेबलाशी बसून दुधातला पाव चमच्यानं खात होती आणि कवळी ताटलीशेजारी ठेवलेली होती. त्याची चाहूल लागताच तिनं ती घाईघाईनं तोंडात कोंबली, आणि तिचा चेहरा कळवळला. क्षणभरच, पण दातांत आयुष्य गेलेल्या माणसाला तेवढं पुरतं. यानं तिला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरडीवर दोन्ही बाजूंना लालभडक जखमा होत्या, एक चिघळलेली. ती बाई ही कवळी घालून हसत होती, गावभर बोलत होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्या रागावल्या नाहीत, उलट फार हळू बोलल्या. वरची नवीन मापावर होईल. खालचं हाड मात्र फार झिजलंय, तिथे आता कवळी घट्ट बसणं कठीण, चावून खाणं जवळजवळ नाहीच. तेव्हाच बसवली असती तर इतकी वर्षं तरी नीट खाता आलं असतं, आणि खायचं सुटलं नसतं तर तब्येतही अशी उतरली नसती. चालेल मान खाली घालून ऐकत राहिला. ताईच त्यांना म्हणाली, त्याच्यामागे फार काम असतं हो.

घरी आल्यावर दोघं समोरासमोर बसली. त्यानं विचारलं, दुखत होतं तर बोलली का नाहीस?

"तू जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हणून आलास, ते माझ्यासाठी," ताई म्हणाली. "मी काय म्हणणार होते, नीट झाली नाही?"

"म्हणायचं होतंस. आता म्हण."

राहू दे रे, झालं गेलं, असं म्हणून ती उठायला लागली. त्यानं तिचा हात धरला आणि पुन्हा बसवलं. मला बघून सांग, म्हणाला. मग तिनं कवळी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"दुखतं," ती म्हणाली. "पाणी पितानासुद्धा दुखतं." आणि मग तिला थांबताच येईना. "आणि त्याआधी तू त्या लोकांची कामं करत बसायचास, मी इथे वाट बघायचे, तेव्हाही दुखायचं. माझं दुकान सुटलं, तू एकदाही विचारलं नाहीस का सुटलं. सगळ्या जगाला तू चालेल म्हणालास, मलाच तेवढं थांब म्हणालास. मी तुझी कुणीच नव्हते का रे?"

ती रडत होती. आईवडील गेले तेव्हाही ती त्याच्यासमोर अशी रडली नव्हती.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "खूप."

माफीचे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण ते बोलला असता तर ती लगेच डोळे पुसून, जाऊ दे रे, म्हणाली असती, तिला तो ओळखून होता. म्हणून तो तिच्यासमोर बसून राहिला आणि त्यानं तिला रागावू दिलं.