सख्खी भाची

चष्म्याच्या दुकानात त्या बातमीदार बाईंना बसवून घेतलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी एकच अट घातली होती: आपल्या मुलीचं नाव कुठंही येता कामा नये. बाई म्हणाल्या, कायद्यानं ते छापताच येत नाही, आणि येत असतं तरी मी छापलं नसतं.

एरवी चष्मेवाले बातमीदारांच्या वाऱ्याला उभे राहिले नसते. पण मुलीनं कॉलेजातल्या पोहण्याच्या सरांविरुद्ध अत्याचाराची तक्रार देऊन बरेच दिवस लोटले होते. सर पदकं मिळवून दिलेले, वजनदार माणूस. चौकीत गेलं की साहेब बाहेर गेलेले असायचे. मुलगी खोलीचं दार लावून बसायची, जेवायला बोलावलं की भूक नाही म्हणायची. बापाचा जीव तीळ तीळ तुटत होता.

बाईंनी शब्द पाळला. बातमीत ना नाव, ना दुकान, ना गल्ली; कॉलेजही गाळलं होतं. फक्त सरांच्या पदकांचा आणि चौकीतल्या टाळाटाळीचा उल्लेख होता, आणि तेवढ्यानं यंत्रणा हलली. दुसऱ्या दिवशी सरांना अटक झाली. त्या दुपारी मुलगी कितीतरी दिवसांनी आईजवळ स्वयंपाकघरात येऊन बसली. भाजी निवडायला घेतली.

पण ते सुख औटघटकेचं ठरलं.

संध्याकाळी एक जुनं गिऱ्हाईक तयार चष्मा न्यायला आलं. नेहमी गप्पांचं गुऱ्हाळ लावणारा माणूस. आज त्यानं चष्मा घेतला आणि मान वर न करता निघून गेला. शेजारचा शिंपी दुकानात आला, त्यानं मोबाइल काउंटरवर ठेवला. पडद्यावर मुलीचा वाढदिवसाचा फोटो होता, तोंडाभोवती लाल गोल काढलेला. खाली कॉलेजचं नाव, वर्ग, कुठल्या बसनं जाते तेसुद्धा. त्याखाली लोक तिच्या कपड्यांवर बोलत होते.

चष्मेवाल्यांना बसायला स्टूल सापडेना.

हे फुटलं कुठून, ते शिंप्यानंच शोधून दाखवलं. मुलीच्या मामानं ती बातमी समाजमाध्यमावर पुढं पाठवली होती आणि वर लिहिलं होतं, ‘ही माझी सख्खी भाची. तिला न्याय मिळेपर्यंत मी गप्प बसणार नाही.’ मामाचं खातं सगळ्यांना उघडं. त्यात भाचीचे लहानपणापासूनचे फोटो. तिला सायकल शिकवतानाचेसुद्धा. लोकांना फार शोधावं लागलं नाही.

चष्मेवाल्यांनी मेहुण्याला फोन लावला. त्यानं घाबरून सगळं पुसून टाकलं होतं. “भाऊजी, मी तिच्याच बाजूनं लिहिलं हो,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पण तोवर फोटो हजार हातांत गेले होते.

दुसऱ्या दिवशी बातमीदार बाई घरी आल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, त्यांनी समजावलं. फोटो काढून टाकायला लावायचे तर तक्रार हवी, आणि तक्रार दिली की पोलीस पहिला मजकूर कुणाचा, हे विचारणारच.

मुलीच्या आईनं पदर तोंडाला लावला. पाठचा भाऊ तो, तिनं कडेवर खेळवलेला. मायेपोटीच चुकला, त्याला कोर्टात उभं करायचं का, असं ती नवऱ्याला विचारत होती. मेहुण्याचं नाव घ्यायला चष्मेवाल्यांची जीभ रेटत नव्हती, आणि न घ्यावं तर लेकीकडे कुठल्या तोंडानं बघायचं.

खोलीचं दार उघडलं. मुलीनं सगळं ऐकलं होतं.

“सरांचं नाव मी घेतलं,” ती म्हणाली. “मामाचंही मीच घेते. बाबा, तुम्ही नुसते सोबत चला.”

तक्रार झाली. बरेच फोटो निघाले. काही नव्या नावांनी पुन्हा उगवले. सरांच्या वकिलानं भर कोर्टात विचारलं, की प्रसिद्धी हवी होती म्हणूनच घरच्यांनी फोटो टाकले ना? मुलीनं कॉलेज सोडलं. माहेरच्यांनी आईशी बोलणं टाकलं, तशी ती भाऊबहिणींचा विषयच काढेनाशी झाली.

मामाचा खटला उभा राहिला, तेव्हा त्यानं वकील दिला नाही. मी लिहिलं, कबूल आहे, म्हणाला. न्यायाधीशांनी दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहण्याची शिक्षा दिली. तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसला. चष्मेवाले बाहेर व्हरांड्यात जाऊन थांबले, पण मुलगी उठली नाही. पलीकडच्या बाकावर तीही शेवटपर्यंत बसून राहिली.

कोर्ट उठलं, तसा मामा जवळ आला.

“तू वाईट मनानं केलं नाहीस, ते मला माहीत आहे,” मुलगी म्हणाली. “पण मामा, काल बसमध्ये एकानं मोबाइल काढून माझा चेहरा ताडून बघितला.”

आणि बापाचा हात धरून ती जिना उतरू लागली. मामा वरच उभा राहिला.